चुलीपाशी येणारा कागद मराठीत हवा

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की शाळा, दुकानांच्या पाट्या, बसवरील फलक आणि जमिनीचा उतारा एवढ्या गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. परंतु याच यादीत बसणारा आणखी एक कागद दरमहा प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर येऊन पडतो आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तो कागद म्हणजे विजेचे बिल. त्याच्या मागोमाग गॅसच्या अनुदानाचा संदेश येतो, सवलतीच्या योजनेचा अर्ज येतो, ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस लागते. घरात दिवा किती लावायचा, पंखा किती वेळ चालवायचा, स्वयंपाक गॅसवर करायचा की चुलीवर, हे ठरविणारे हे कागद. ते ज्या बाईला वाचता आले पाहिजेत, नेमके तिलाच ते वाचता येत नाहीत. भाषेचा प्रश्न आता चुलीपर्यंत येऊन पोहोचला आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आधी चुलीची स्थिती पाहू. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या बाजूला पाऊस कसा कोसळतो, हे आमच्या वाचकांना सांगणे न लगे. तिथल्या बायकांचे उन्हाळ्याचे दिवस पावसाळ्याचे जळण जमवण्यात जातात. डोक्यावर मोळी घेऊन चढ-उतार तुडवायचा, परड्यात लाकडे रचायची, शेणी झाकून ठेवायच्या. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून त्या टापूत जंगलात शिरताना मनात धाकधूक असते ती वेगळीच. निपाणी, चिकोडीकडे रान मोकळे आणि ऊस भरपूर, म्हणून तिथे जळणाचे रूप बदलते. पण चूल तीच, धूरही तोच.

गॅस आला नाही काय? आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ या काळातील आकड्यांनुसार कर्नाटकातील सुमारे ८० टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरत होती; देशाचा आकडा ५८.६ टक्के होता. आकडा चांगला आहे. तथापि ‘मुख्यतः’ या एका शब्दात पुष्कळ काही दडलेले असते. चहा, पाहुण्यांचा स्वयंपाक आणि सकाळची घाई यासाठी गॅस. भाकरी, आमटी आणि सर्वांत मोठा खर्च जो आंघोळीच्या पाण्याचा, तो सगळा चुलीवर. असे दुहेरी घर आपल्या गावांत जागोजाग दिसेल. टाकी परत भरून आणायची तर एकदम रक्कम मोजावी लागते. मजुरीवर चालणाऱ्या घराला ती दर महिन्याला झेपत नाही. ज्या घराला पुरेसे इंधन परवडत नाही, किंवा ते मिळवण्यात ज्याची कमाई आणि कष्ट हकनाक जातात, ते घर इंधनाच्या बाबतीत दरिद्रीच म्हटले पाहिजे.

हा ‘इंधनदारिद्र्या’चा विचार ब्रिटनमध्ये प्रथम नीट मांडला गेला. ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासक बाईंनी १९९१ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि मोजण्यासाठी एक सोपे माप दिले: घर पुरेसे उबदार ठेवणे आणि घरातील इतर वीज-इंधन यांसाठी उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागत असेल, तर ते कुटुंब इंधनदरिद्री. पुढे १९९५ साली तिथे घरगुती ऊर्जाबचतीचा कायदा झाला. आपल्या हद्दीतील घरांत ऊर्जेची बचत कशी होईल याचा अहवाल तयार करण्याची जबाबदारी त्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. तेव्हापासून तिथल्या कित्येक नगरपालिकांत घरगुती ऊर्जा पाहणारे अधिकारी काम करू लागले. भिंतीतून ऊब कुठे निसटते, छताला आच्छादन आहे का, बिल कसे कमी होईल, कोणते अनुदान मिळेल, हे नागरिकाला समजावून सांगणे हे त्यांचे काम. त्यांची अडचण थंडीची, आपली धुराची आणि ओल्या लाकडाची. पण मूळ गोष्ट एकच आहे. योजना राजधानीत ठरते, बचत मात्र घरात होते. आणि घरापर्यंत जाणारा माणूस स्थानिक संस्थेचाच असू शकतो.

आता याच देशातील वेल्स या भागाकडे पाहा. तिथे इंग्रजीखेरीज वेल्श ही जुनी भाषा आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार भरले. बाकी सर्वांचा कारभार इंग्रजीत चालतो. तरीही १९९३ च्या आणि पुढे २०११ च्या कायद्याने वेल्श भाषेला सार्वजनिक कारभारात हक्काचे स्थान मिळाले. गरीब घरांना ऊर्जाबचतीसाठी मदत करणारी तिथल्या सरकारची जी योजना २०११ साली सुरू झाली, तिलाही दोन्ही भाषांत नाव आहे. वेल्शमध्ये तिचे नाव ‘निथ’, म्हणजे घरटे. वेल्श बोलणारी म्हातारी आपल्या थंड खोलीविषयी आपल्या भाषेत विचारू शकते, म्हणून ब्रिटनचे तुकडे झाले नाहीत. कोणाची अस्मिताही दुखावली नाही.

आमच्याकडे योजना कमी झाल्या असे मुळीच नाही. १९८० नंतरच्या दशकात निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१५ साली एलईडी दिव्यांची योजना आली. २०१६ च्या १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. २०२३ साली कर्नाटक सरकारने गृहज्योती आणली. वस्तू दारात येते. तिच्याबरोबर यायला हवी ती समजूत येत नाही. ती कन्नडात किंवा इंग्रजीत तालुक्याच्या गावीच अडकून राहते.

याचे एक बोलके उदाहरण देतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘अस्त्र’ नावाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. त्या विभागाने तीन भांड्यांची, जाळी व धुराडे असलेली, कमी जळणात चालणारी मातीची चूल तयार केली. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला मिळते, बाकीची हवेत जाते. या चुलीत ती पुष्कळ अधिक मिळते. चूल उत्तम, करणारे थोर, आणि हे सारे आपल्याच राज्यात घडले. तिचे नाव पडले ‘अस्त्र ओले’. कन्नडात ‘ओले’ म्हणजे चूल. कन्नड बाईला नाव ऐकताच वस्तू कळते. मराठी बाईच्या कानावर ‘ओले’ पडले की तिला भिजलेले लाकूडच आठवणार! नावापाशीच वाट अडली, तर धुराडे दर आठवड्याला साफ केले पाहिजे आणि भांडे भोकावर घट्ट बसले पाहिजे, हे पुढचे तिला कोण सांगणार? धुराडे तुंबले की निर्धूर चूल साध्या चुलीहून अधिक धूर ओकते. मग ती फोडली जाते, आणि ‘लोकांना सुधारणा नको’ असा शेरा कागदावर पडतो. यात चुलीचाही दोष नाही आणि बाईचाही नाही.

गृहज्योतीची गोष्ट तर अधिक व्यवहाराची आहे. ‘२०० युनिट वीज फुकट’ एवढेच वाक्य गावोगाव पोहोचले. नियम तसा नाही. २०२२-२३ या वर्षात घराने दरमहा सरासरी जेवढी वीज वापरली, तिच्यात १० टक्के मिळवून जो आकडा येतो तेवढीच त्या घराची फुकट मर्यादा. २०० युनिट ही कमाल. ज्यांची सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी होती त्यांच्यासाठी २०२४ साली १० टक्क्यांऐवजी १० युनिटांची वाढ धरण्याचा निर्णय झाला. म्हणजे सरासरी ६० युनिट असलेल्या घराची मर्यादा ६६. गणपतीच्या दिवसांत माळा लावल्या, मुंबई-पुण्याची माणसे आली, पंखे रात्रभर चालले आणि ८० युनिट पडले, तर वरच्या १४ युनिटांचे पैसे भरावे लागतात. आणि एखाद्या मोठ्या घराचा वापर २०० च्या वर गेला, तर त्या महिन्याचे सगळेच बिल भरायचे. हे ज्याला ठाऊक आहे तो महिन्याच्या मध्यावर मीटर पाहतो. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटते, सरकारने फसवले, नाहीतर मीटर बिघडला. बिलावर आपली मर्यादा किती, वापर किती, हे छापलेले असले तरी अक्षर वाचता येत नसेल तर त्याचा काय उपयोग? कोणी वाचून दाखविले, तर त्यातला ‘बाकी’ हा शब्द मात्र लगेच कळतो, कारण तो दोन्ही भाषांत एकच आहे. पण नुसती बाकी कळून भागत नाही, ती का राहिली हेही कळले पाहिजे.

उज्ज्वलाचेही तसेच. या योजनेतील कुटुंबांना २०२२ च्या मे महिन्यात टाकीमागे २०० रुपये अनुदान जाहीर झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ते ३०० रुपये झाले. परंतु टाकी घेताना पैसे पूर्ण मोजायचे आणि अनुदान नंतर बँकेत जमा होणार. खाते कोणते जोडले आहे, आधारची पडताळणी झाली की नाही, पैसे आले की नाही, हे कळण्याचा मार्ग म्हणजे मोबाइलवरचा संदेश. तो वाचायला नातवाची वाट पाहावी लागते. नातू बेळगावला कामाला असतो. दरम्यान अनुदान अडकले तर तक्रार कोठे करायची, हेही तिला कोणी सांगितलेले नसते.

या मागणीला कायद्याचा आधार काय, असे विचारले जाईल. आधार भक्कम आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. भाषावार राज्यरचना झाली त्या १९५६ सालीच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन तयार केले. ज्या भागात अल्पसंख्य भाषिक लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी नोटिसा व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात सुचविले आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणसांचे प्रमाण याहून कितीतरी अधिक आहे. खानापूरच्या पश्चिमेला तर गावेच्या गावे मराठी आहेत. विजेच्या सवलतीचा नियम हा ‘महत्त्वाचा नियम’ नव्हे, असे कोणता अधिकारी म्हणू शकेल?

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा, ८६५ गावांचा हक्क, या गोष्टी आपल्या ठिकाणी आहेत. बिलावर चार ओळी मराठी छापणे हा त्या दाव्याचा भाग नव्हे आणि त्याला पर्यायही नव्हे. निकाल जो लागेल तो लागो. तोपर्यंत रोज संध्याकाळी चूल पेटणारच आहे. आणि जे आम्ही येथे मागतो तेच महाराष्ट्रातील जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील कन्नड बांधवांनाही मिळाले पाहिजे. तिथल्या कन्नड म्हातारीला मराठी बिल कळत नसेल, तर तिचीही अडचण अगदी आपल्यासारखीच आहे. हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू झाला तरच तो न्याय.

‘कर्नाटकात राहता तर कन्नड शिका’ असे उत्तर ऐकू येते. आमची मुले कन्नड शिकतात, शाळेत त्यांना ते शिकावेच लागते, आणि शेजारच्या राज्यभाषेशी आमचे वैर नाही. पण घरातले जळण सांभाळणारी बाई साठीची असते. ती मराठी शाळेत तिसरी-चौथीपर्यंत गेली, किंवा तीही नाही. तिने आता नवी लिपी गिरवावी आणि मग टाकीचे अनुदान मिळवावे, हा उपाय नव्हे. ‘खर्च कोण करणार’ हा दुसरा आक्षेप. एका पानाचे भाषांतर एकदा करायचे आणि ते पंचायतीच्या फलकावर चिकटवायचे, याला असा कितीसा खर्च येणार?

अधिकाऱ्यांनाही सरसकट दोष देणे बरे नाही. पंचायत विकास अधिकारी दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला असतो; त्याला मराठी येत नाही हा त्याचा अपराध नव्हे. त्याच्यापाशी कामांचे ढीग असतात आणि घरगुती ऊर्जाबचत हे त्यांतले एकही काम नसते. खरी उणीव ती आहे. पंचायतीत पाणी पाहणारा माणूस असतो, कर वसूल करणारा असतो, मात्र ‘तुमच्या घरात जळण आणि वीज कशी पुरवावी’ हे सांगणारा कोणी नाही. नवे पद निर्माण करा असेही आम्ही म्हणत नाही. मीटर वाचायला येणारा माणूस, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका ही मंडळी घराघरांत जातातच, आणि आपल्या गावांत ती बहुधा मराठी जाणणारीच असतात. त्यांतील एकाला चार दिवसांचे शिक्षण द्यावे, एक मराठी पान हातात द्यावे आणि जळण-विजेचे काम त्याच्या नावावर टाकावे.

त्या पानावर काय असावे, तेही सांगतो. ६० वॅटचा जुना गोल दिवा रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात; ९ वॅटच्या एलईडी दिव्याला सव्वा-दीड युनिट पुरते. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला तर २२ युनिटांच्या वर जातात. नव्या, कमी विजेच्या ३० वॅटच्या पंख्याला ९ युनिट पुरतात. डाळ आणि कडधान्य आधी भिजत घालावे, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच कमी करावी. गॅसची ज्योत पिवळी दिसली तर शेगडी साफ करून घ्यावी. निळी ज्योत म्हणजे गॅस पुरा जळतो. लाकूड फोडून, वाळवून, पावसाआधी आत घ्यावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच जाते. धुराडे आठवड्याला झाडावे. आणि शेवटी आपल्या घराची गृहज्योतीची मर्यादा किती, हे कोऱ्या चौकटीत लिहून द्यावे. एवढे पान भिंतीवर डकवले तर पुष्कळ काम होईल.

साधनेही हाताशी आहेत. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली. तिथल्या कुंभारांकडून चुलीचे भाग आणि धुराड्याचे नळ करून घेता येतील. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने बसवली, आणि २००२ साली त्या कामाला ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला. निपाणीच्या शिवारात जाळून टाकले जाणारे पाचट हे जळण होऊ शकते. हे ज्ञान तर मराठी मुलखातच तयार झाले आहे. ते घाट चढून येण्याचीही गरज नाही. पण ते गावात आणून ठेवणारा अधिकृत माणूस पाहिजे.

शेवटी आपल्या माणसांना दोन शब्द. मोर्चे निघावेत, काळा दिनही पाळला जावा. पण ग्रामपंचायतीत आपले सदस्य निवडून येतात, ग्रामसभेत आपण बसतो, तिथे हा विषय कितीदा निघाला? येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने तीन ठराव करावेत. वीज व गॅस सवलतीचे नियम मराठीतही फलकावर लावावेत. पावसाळ्यापूर्वी एक ग्रामसभा फक्त जळण आणि विजेच्या बचतीसाठी घ्यावी. आणि घरगुती ऊर्जेची माहिती देणारा एक मराठी जाणणारा माणूस पंचायतीने नेमावा. ज्यांचे अनुदान अडकले आहे किंवा बिल समजत नाही, त्यांनी आपला अर्ज मराठीत लिहून द्यावा, ३५० व्या कलमाचा त्यात उल्लेख करावा आणि पोच मागून घ्यावी. अर्ज कन्नडात नाही म्हणून कोणी परत करू लागले, तर नकाराचे कारण लेखी मागावे. अर्ज लिहिता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी तो लिहून द्यावा; सुट्टीतले हे काम दहा भाषणांपेक्षा मोलाचे आहे.

मराठी टिकवायची म्हणजे केवळ पाटीवर टिकवायची नव्हे. आपल्या घरातला पैसा कोठे जातो, हे बाईला आपल्या भाषेत कळणे, हेही मराठी टिकवणेच आहे. कन्नड ओळीखाली मराठी ओळ छापल्याने कर्नाटकाचे काही उणे होणार नाही. आमच्या आयाबहिणींच्या डोळ्यांतले पाणी आणि डोक्यावरचे ओझे मात्र त्याने थोडे कमी होईल. सरकारने एवढे करावे, आणि करीत नसेल तर आपण ते करून घ्यावे.